फिरती ड्यूटी आणि प्रार्थनेची वेळ

एका वाचक भगिनीच्या पत्रातला मुख्य भाग असा आहे :

"माझे वय 38. पिंपरी-चिंचवडमधल्या एका खासगी रुग्णालयात मी स्टाफ नर्स आहे. मॉर्निंग, ईव्हनिंग, नाइट अशी ड्यूटी सतत बदलते. यजमान चाकणच्या कारखान्यात आहेत आणि त्यांचीही शिफ्ट फिरती आहे. घरी सासूबाई आहेत, थोरला मुलगा नववीत आणि धाकटी मुलगी पाचवीत आहे. माझे माहेर अहिल्यानगर जिल्ह्यातले. तिथे रोज दिवेलागणीला आजी सगळ्यांना एकत्र बसवायची; गीत, वचन आणि प्रार्थना झाल्यावरच ताटे वाढली जायची. आज माझ्या घरात आठवडेच्या आठवडे बायबल उघडले जात नाही. महिन्यातले दोन रविवार तरी ड्यूटीत जातात. रात्री प्रार्थनेला गुडघे टेकले की तिथेच डोळा लागतो. यजमान म्हणतात, रुग्णांची सेवा हीच तुझी उपासना, वेगळे काही करायला नको. गेल्या महिन्यात मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, मार्था आणि मरीया यांच्यावर संदेश झाला, तेव्हा मला रडू आवरले नाही. त्यात महिला मंडळाचे चिटणीसपदही माझ्याकडेच आहे. देव माझ्यावर नाराज असेल का? आणि वेळ काढायचाच तर आधी काय सोडू?"

प्रिय भगिनी,

सप्रेम सलाम.

मार्थेच्या गोष्टीने तुम्हाला रडू आले, म्हणून तिथूनच सुरुवात करते. लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातला हा प्रसंग आपल्या मंडळ्यांमधून पुष्कळदा असा सांगितला जातो की स्वयंपाकात गुंतलेली मार्था चुकली आणि प्रभूच्या पायाशी बसलेली मरीया बरोबर ठरली. दिवसभर राबणाऱ्या बाईला हे ऐकून अपराधी वाटले नाही तरच नवल. परंतु प्रभू तिला नेमके काय म्हणाला ते पुन्हा एकदा सावकाश वाचा. तू स्वयंपाक का करतेस, असे तो विचारत नाही. तू पुष्कळ गोष्टींची काळजी करून अस्वस्थ झाली आहेस, असे तो म्हणतो, आणि ते म्हणताना तिचे नाव दोनदा घेतो. त्याआधी मार्थेने केलेली तक्रारही लक्षात घ्या : बहिणीने सगळे काम माझ्या एकटीवर टाकले आहे, हे तिचे दुःख होते. योहानाच्या शुभवर्तमानात ती पुन्हा भेटते. येशूची या दोघी बहिणींवर आणि त्यांचा भाऊ लाजर याच्यावर प्रीती होती हे सांगताना योहान मार्थेचे नाव सर्वांत आधी घेतो. भाऊ वारल्यावर प्रभूला सामोरी जाऊन, तू ख्रिस्त, देवाचा पुत्र आहेस, ही कबुली तीच देते. पुढे बाराव्या अध्यायात बेथानीमध्ये पुन्हा भोजन आहे, मार्था पुन्हा वाढते आहे, आणि या वेळी तिला कोणीही काही बोलत नाही. तिचे काम सुटले नव्हते. काम करता करता आपण कोणासाठी राबतो आहोत हे मात्र तिला उमगले होते, असे मला हे प्रसंग एकत्र वाचताना वाटते. तेव्हा त्या संदेशातून तुम्ही स्वतःवर जो निकाल घेऊन घरी आलात तो कृपा करून मागे घ्या. देव तुमच्यावर नाराज आहे असे मला वाटत नाही. तुम्ही थकलेल्या आहात आणि एकट्या पडलेल्या आहात. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्यांवरचे उपायही वेगळे आहेत.

एकटेपणाविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण तुमच्या पत्राचे मूळ मला तिथे दिसते. तुम्ही स्वतःची तुलना आजीशी करता आणि दर वेळी कमी पडता. तुमच्या आजीला मी ओळखत नाही. त्यांची श्रद्धा मोठी असणारच. पण त्यांच्या पिढीला एक आधार होता, जो तुम्हाला नाही. नगर जिल्ह्यातल्या गावांत आणि मिशन कंपाउंडांत घरे जवळजवळ असत, चर्चची घंटा सगळ्यांना ऐकू येई, रविवारी शब्बाथ शाळेला मुले एकमेकांना हाका मारत जात, आणि दिवेलागणीला शेजारच्या घरातून गीत ऐकू आले की आपल्याही घरात गीताचे पुस्तक आपोआप उघडले जाई. वसईच्या कॅथलिक घरांतून संध्याकाळी एकत्र रोझरी म्हणण्याची जी रीत चालत आली, किंवा गोव्यात सकाळ, दुपार आणि संध्याकाळ अशी तीन वेळा वाजणारी आंजेलसची घंटा, यांमागेही हेच होते : प्रार्थनेची वेळ माणसाला एकट्याने शोधावी लागत नव्हती, ती सगळ्या वस्तीची ठरलेली होती. तुमच्या पेशालाही हा आधार एके काळी मिळत असे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये मिरजेला जे रुग्णालय सुरू केले तशा मिशन रुग्णालयांत, दिवसाच्या कामाच्या आधी डॉक्टर आणि परिचारिका एकत्र प्रार्थना करत. ती कामाच्या वेळेचाच भाग असे. आज तुमची सोसायटी वेगळी, रुग्णालय वेगळे, यजमानांची शिफ्ट वेगळी आणि मुलांच्या क्लासच्या वेळा वेगळ्या. जे काम आख्खी वस्ती मिळून करत होती ते तुम्ही एकटीने, उरल्यासुरल्या वेळात, झोपेशी झगडत करू पाहता आहात. ते जमत नाही यात तुमच्या भक्तीची उणीव मी मानत नाही. म्हणून वेळ कसा काढायचा या प्रश्नाच्या आधी, कोणाला सोबत घ्यायचे हा प्रश्न यायला हवा.

आता यजमानांचे म्हणणे. ते बऱ्याच अंशी खरे आहे. जे काही करता ते माणसांसाठी म्हणून नव्हे तर प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा, असे पौल कलस्सैकरांना लिहितो, आणि ते त्याने दासांना उद्देशून, म्हणजे ज्यांना स्वतःचा असा वेळच नव्हता अशा माणसांना उद्देशून लिहिले आहे. रात्री तीन वाजता एखाद्या म्हाताऱ्या रुग्णाची कूस बदलताना तुम्ही देवापासून दूर असता, असे कोणी म्हणत असेल तर ते मी मान्य करणार नाही. पण त्यातून 'म्हणून वेगळे काही नको' असा निष्कर्ष निघत नाही, आणि हे मी मार्कच्या पहिल्या अध्यायावरून म्हणते. तो अध्याय परिचारिकेने आपल्या ड्यूटीच्या नजरेने वाचण्याजोगा आहे.

येशूचा कफर्णहूम गावातला एक शब्बाथ, म्हणजे यहूद्यांचा विश्रांतीचा दिवस. सकाळी सभास्थानात शिक्षण देणे, तिथेच एका पछाडलेल्या माणसाला मुक्त करणे, मग शिमोनाच्या घरी तापाने पडलेल्या त्याच्या सासूला बरे करणे, आणि सूर्य मावळून शब्बाथ संपताच सगळे गाव आपापले आजारी घेऊन दारात उभे. तो दिवस उशिरापर्यंत चालला असणार. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, अंधार असतानाच, येशू उठून एकान्त जागी गेला आणि प्रार्थना करू लागला. रुग्णांना बरे करणे हेच ज्याच्या पित्याचे काम होते, ज्याच्या सेवेविषयी शंका घ्यायला जागाच नव्हती, त्यालाही सेवा पुरली नाही. त्याला पित्याजवळ एकट्याने बसावेसे वाटले. त्यापुढचा भाग माझ्या मते त्याहूनही महत्त्वाचा आहे. शिमोन आणि सोबती त्याला शोधत येतात आणि म्हणतात, सगळे तुमचा शोध करत आहेत. म्हणजे गावात अजून काही गरजवंत उरलेलेच होते. आणि येशू म्हणतो, आपण जवळच्या दुसऱ्या गावांना जाऊ. प्रत्येक गरजेला आपणच पुरे पडले पाहिजे, हे ओझे त्याने घेतले नाही. कोठे थांबायचे आणि कोठे जायचे हे त्याला त्या एकान्तात ठरवता आले. वॉर्डात, घरात आणि मंडळीत सगळेच जिचा शोध करत असतात, अशा तुमच्यासारख्या स्त्रीला प्रार्थनेचा वेळ लागतो तो यासाठीही. यजमानांना हा उतारा वाचून दाखवा. तुमच्याकडून आणखी एक कर्तव्य करवून घेण्यासाठी मी हे लिहीत नाही, हे त्यांच्याही लक्षात येईल.

थकव्याविषयी मला एवढेच सांगायचे आहे की गुडघ्यांवर झोप लागणे हे पाप समजू नका. पहिल्या राजांच्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात एलीया संदेष्टा रानात एका झुडपाखाली मरण मागत पडला आहे. देवाचा दूत त्याला उपदेश करत नाही. तो त्याला उठवतो, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी देतो. एलीया खाऊन पुन्हा झोपतो, दूत त्याला पुन्हा उठवून खाऊ घालतो, कारण प्रवास मोठा आहे. होरेब पर्वतावर ऐकू आलेला देवाचा तो मंद स्वर त्यानंतर येतो. नाइट संपवून आल्यावर आधी झोपा. दिवसाच्या शेवटी, सगळी कामे उरकल्यावर, उरलेल्या शुद्धीत प्रार्थना करण्याची सवय मात्र सोडून द्या. ती वेळ तुमच्या शरीराला मानवत नाही, आणि रोज त्याच ठिकाणी हरून तुम्ही स्वतःला दोष देता.

मग कोणती वेळ? घड्याळाला बांधलेली वेळ तुमच्या आयुष्यात टिकणार नाही, कारण एका आठवड्यातली पहाट तुमची झोपेची असते आणि दुसऱ्या आठवड्यातली कामाची. म्हणून वेळ घड्याळाला न बांधता झोपेला बांधा. मुख्य झोपेतून उठल्यावर, ते पहाटे पाचला असो किंवा नाइटनंतर दुपारी तीनला, पहिली पंधरा मिनिटे देवाची. दुपारी तीन ही प्रार्थनेसाठी कमी प्रतीची वेळ आहे असे वाटत असेल, तर प्रेषितांच्या कृत्यांच्या तिसऱ्या अध्यायात पेत्र आणि योहान मंदिराकडे निघाले ते नवव्या ताशी, म्हणजे आपल्या दुपारच्या तीनलाच, आणि ती प्रार्थनेची नेमलेली वेळ होती. चहा घ्या, बसा, गुडघे टेकण्याची गरज नाही. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि छापील बायबल घ्या. हे मी आग्रहाने सांगते. फोनवर वचन उघडले की वॉर्डाच्या ग्रुपवरचा निरोपही दिसतो, आणि एकदा तो दिसला की ती पंधरा मिनिटे गेली. मंडळीच्या ग्रुपवर रोज सकाळी येणारी वचनाची चित्रे पुढे पाठवणे चांगल्या मनाने होत असेल, पण त्याला देवाजवळ बसणे मानू नका.

काय वाचायचे, याविषयीही सावध राहा. वर्षात संपूर्ण बायबल वाचून काढण्याची जी वेळापत्रके मिळतात ती तुमच्यासाठी नाहीत. 66 पुस्तकांचे 1,189 अध्याय वर्षात संपवायचे तर रोज तीनांहून अधिक अध्याय होतात, आणि नाइटचा एक आठवडा हुकला की वीस-बावीस अध्यायांची थकबाकी अंगावर बसते. मग वचन हे कर्जाच्या हप्त्यासारखे वाटू लागते. स्तोत्र 120 ते 134 ही पंधरा स्तोत्रे घ्या. यरुशलेमेला जाणाऱ्या यात्रेकरूंची म्हणून ती ओळखली जातात, आणि त्यांतले 132वे सोडले तर सगळी अगदी आटोपशीर आहेत. इस्राएलाचा रक्षक झोपत नाही की डुलकी घेत नाही, हे 121वे स्तोत्र नाइटला निघण्यापूर्वी वाचून पाहा. 127व्यात, पहाटे लवकर उठून आणि रात्री उशिरापर्यंत खपून कष्टाची भाकर खाणाऱ्यांना देव झोपेच्या देणगीची आठवण देतो. 130वे पहाटेची वाट पाहणाऱ्या पहारेकऱ्यांचे आहे, आणि तुमच्याइतकी ती वाट कोण जाणते? शेवटचे 134वे तर अवघ्या तीन ओव्यांचे, म्हणजे तीन वचनांचे, आहे आणि ते परमेश्वराच्या घरात रात्रीच्या वेळी उभे राहणाऱ्या सेवकांना उद्देशून लिहिलेले आहे. रात्रपाळी करणाऱ्यांना पवित्र शास्त्राने विसरलेले नाही. एक स्तोत्र तीन-चार दिवस पुरवा. पाठ झाले तर बसमध्ये पुस्तकही लागणार नाही. आणि लहानपणी पाठ झालेली गीते तर तुमच्याजवळ आहेतच. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर नगरला राहून पुष्कळ गीते रचली. अभंग-ओवीच्या वळणामुळे ती इतकी सहज ओठांवर बसतात की काम करता करता गुणगुणता येतात.

ड्यूटीच्या आत प्रार्थनेसाठी वेगळा वेळ मागू नका, रुग्णांकडे लक्ष असणे हेच तिथले तुमचे कर्तव्य आहे. पण एक गोष्ट तुमच्या कामात आधीपासून आहे. ड्यूटी संपताना तुम्ही पुढच्या सिस्टरला एकेका बेडचा हँडओव्हर देता. तो झाल्यावर, कपडे बदलताना किंवा बसची वाट पाहताना, त्याच क्रमाने ते बेड मनात आणा आणि एकेका रुग्णाला देवाच्या हाती सोपवा. पाच मिनिटे पुरतात. परक्यांसाठी मध्यस्थीची ही प्रार्थना आहे, आणि रुग्णांची काळजी घरापर्यंत वाहून नेण्याची जी सवय अनेक परिचारिकांना झोपू देत नाही, तिच्यावरही याचा उपयोग होतो. काही दिवस शब्दच सुचणार नाहीत. तेव्हा रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातले वचन आठवा : आपण कशासाठी प्रार्थना करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः शब्दांपलीकडच्या कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो. न बोलता बसलेली पंधरा मिनिटेही प्रार्थनेचीच धरा.

घरच्या उपासनेची सूत्रे सासूबाईंकडे द्या. घरात रोज संध्याकाळी असणारे वडील माणूस त्याच आहेत, आणि आजीची जागा तुम्ही घ्यायची असे कोठेही लिहिलेले नाही. ती जागा तुमच्या मुलांच्या आजीची आहे. मुलगी पाचवीत आहे, ती सुरेल-बेसूर कशीही का होईना गीत सुरू करील. मुलगा दहा-बारा ओव्या वाचील. सासूबाई प्रार्थना करतील. प्रभूची प्रार्थना सगळे मिळून म्हणतील. दहा मिनिटांच्या वर नेऊ नका, विशेषतः नववीच्या मुलासाठी. तुम्ही किंवा यजमान घरी असाल त्या दिवशी सामील व्हा, नसाल त्या दिवशीही ती झालीच पाहिजे. तुमच्यावाचून जी उपासना चालते तीच तुमच्या घरात टिकेल, आणि ईव्हनिंग ड्यूटीच्या मध्येच, आता घरी गीत चालू असेल, हे माहीत असणे हा तुमच्यासाठी मोठा आधार असेल. सासूबाईंना हे काम म्हणून सांगू नका, त्यांचा मान म्हणून विनंती करा. म्हाताऱ्या माणसांना आपण औषधांच्या वेळा सांगतो. घरातले आध्यात्मिक वडीलपण त्यांच्या हाती देत नाही.

रविवारच्या ड्यूटीबद्दल मनात किंतु ठेवू नका. शब्बाथ माणसासाठी झाला, असे म्हणणाऱ्या प्रभूने शब्बाथ दिवशी रुग्णांना बरे केले आहे. पण दोन रविवार सलग जाऊ नयेत अशी ड्यूटी मिळेल का, हे इनचार्ज सिस्टरना स्पष्ट विचारा. इतर सहकारी आपापल्या सणांना बदली मागतात, तुम्ही त्यांच्यासाठी दिवाळीत उभ्या राहत असाल, तर रविवारी त्याही तुमच्यासाठी उभ्या राहतील. प्रभुभोजनाचा विधी कोणत्या रविवारी आहे हे आधी पाहून तो धरून ठेवा. तोही हुकला तर आपल्या पाळकांना, ऑफच्या दिवशी घरी येऊन प्रार्थना करा, अशी विनंती करा. आजारी माणसाच्या घरी पाळक जातातच. फिरत्या शिफ्टमध्ये अडकलेल्या कुटुंबाकडेही त्यांनी तितक्याच आपुलकीने गेले पाहिजे. पिंपरी, चाकण, रांजणगाव या पट्ट्यातल्या मंडळ्यांमध्ये आज अशी किती तरी घरे आहेत. या मंडळ्यांनी सगळे कार्यक्रम रविवार सकाळभोवतीच का ठेवावेत, हा प्रश्न पाळकांनी आणि पंचांनी मनावर घ्यावा असे मी या सदरातून त्यांनाही सांगते.

आधी काय सोडू, असे तुम्ही विचारले आहे. चिटणीसपद सोडा. मंडळीचे काम सोडायला सांगितल्याचे तुम्हाला आश्चर्य वाटेल, पण देवासाठीचा वेळ जेव्हा देवाच्याच कामांनी खाल्ला जातो तेव्हा ते कोणाला जाणवतही नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात विधवांना रोजचे अन्न वाटण्याचे काम वाढले, त्यावरून कुरकुर सुरू झाली, तेव्हा प्रेषितांनी ते काम हलके मानले नाही, पण ते स्वतःकडेही ठेवले नाही. सात जण निवडून त्यांच्या हाती ते दिले आणि आपण प्रार्थनेला व वचनाच्या सेवेला मोकळे राहिले. तुम्ही महिला मंडळाच्या अध्यक्षबाईंना आणि पाळकांना भेटून सांगा की या महिन्याच्या सभेनंतर इतिवृत्ताची वही आणि वर्गणीचा हिशेब दुसऱ्या भगिनीकडे सोपवायचा आहे. कारण लपवू नका, ड्यूटीचे निमित्त पुढे करू नका; मला प्रार्थनेला वेळ उरत नाही, असे सरळ सांगा. हे ऐकून एखादी तरी भगिनी सभेनंतर तुमच्याजवळ येऊन, माझेही तसेच झाले आहे, असे म्हणण्याची शक्यता मोठी आहे. तिचा फोन नंबर घ्या, तिच्या आणि तुमच्या सुट्टीचे दिवस जुळवा, आणि महिन्यातून एकदा तरी तिच्या घरी किंवा तुमच्या घरी दोघी मिळून प्रार्थनेला बसा.

प्रभूमध्ये तुमची भगिनी,
सदर लेखिका